परवाना व्यवसायाचा, संमती खटल्याची

इलिनॉयचे गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एका विधेयकावर स्वाक्षरी केली. आपल्याकडे त्याची दखल घेण्याचे वरकरणी काही कारण नव्हते. विषारी पदार्थांच्या संपर्कामुळे इजा झाल्याचा दावा असेल, तर इलिनॉयमध्ये व्यवसायासाठी नोंदणी केलेल्या परराज्यातील कंपनीला तेथील न्यायालयात खेचता येईल. मग ती इजा अन्य राज्यात झालेली का असेना, असा या कायद्याचा आशय आहे. खटल्यातील किमान एका सहप्रतिवादीचा त्या राज्यातील घटनेशी थेट संबंध असला पाहिजे, एवढी अट मात्र त्यात आहे. नोंदणी म्हणजेच न्यायाधिकाराला संमती, असे समीकरण कायद्याने मांडले आहे. ज्या अर्जाकडे कंपन्यांचे कारकून शंभर-दोनशे डॉलरच्या शुल्काची बाब म्हणून पाहत आले, त्या अर्जाचे वजन यामुळे एकाएकी वाढले आहे. पुण्या-मुंबईतून अमेरिकेत पाय रोवणाऱ्या कंपन्यांनाही हे वजन पेलावे लागणार असल्याने हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

अमेरिकेत कंपनी जन्माला येते ती एखाद्या राज्याच्या कायद्याने, केंद्राच्या नव्हे. तिच्या जन्मदाखल्याचा अंमलही त्या राज्याच्या सीमेपुरताच असतो. सीमेपलीकडे ती 'फॉरेन' ठरते. पेनसिल्व्हेनियाच्या दृष्टीने शेजारच्या न्यू जर्सीतील कंपनी 'फॉरेन' आणि पुण्यातील कंपनीही 'फॉरेन'च. फार तर दुसरीला काही ठिकाणी 'एलियन' म्हटले जाते. अशा कंपनीला दुसऱ्या राज्यात दुकान मांडायचे असेल, तर तेथील 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'च्या कार्यालयातून 'सर्टिफिकेट ऑफ ऑथॉरिटी' घ्यावे लागते. (वॉशिंग्टनमधील सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री, राज्यातील त्याच नावाचा अधिकारी मात्र निवडणुका, नोंदवह्या आणि कंपन्यांची दप्तरे सांभाळतो.) अर्जासोबत मूळ राज्यात कंपनी सुस्थितीत असल्याचा दाखला, शुल्क आणि राज्यात पत्ता असलेल्या 'रजिस्टर्ड एजंट'चे नाव द्यावे लागते. या एजंटाचे मुख्य काम एकच : कंपनीवर खटला भरला गेल्यास समन्स स्वीकारणे. सर्व वादाचे मूळ त्या एका नावात आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अशा स्वरूपात उद्भवत नाही. व्यापारी कंपन्यांची स्थापना व नियमन हे विषय राज्यघटनेने केंद्रसूचीत टाकले. कोलकात्यात नोंदलेल्या कंपनीला नागपुरात कार्यालय थाटण्यासाठी महाराष्ट्राकडे 'कंपनी म्हणून अस्तित्व मान्य करा' असा अर्ज करावा लागत नाही. जीएसटीची नोंदणी राज्यनिहाय घ्यावी लागते, दुकाने व आस्थापना कायदाही लागू होतो. परंतु ती कराची आणि कामगार कल्याणाची बाब झाली. आपल्याकडील जवळचे उदाहरण द्यायचे तर ते सहकाराचे. सहकारी संस्था राज्यसूचीतील विषय असल्याने महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखाली जन्मलेल्या संस्थेचा अंमल राज्याच्या वेशीवर संपतो आणि पलीकडे विस्तारायचे तर २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याचा आसरा घ्यावा लागतो. एखाद्या नागरी सहकारी बँकेला जी अडचण बेळगाव किंवा पणजीत येते, ती अमेरिकेत प्रत्येक कंपनीला प्रत्येक सीमेवर येते. फरक एवढाच, की तेथे 'बहुराज्य कंपनी कायदा' नावाची पळवाट नाही.

हुंडीपासून आगगाडीपर्यंत

या व्यवस्थेचे मूळ १८३९ सालच्या एका निकालात आहे. जॉर्जियातील बँक ऑफ ऑगस्टाने अलाबामात हुंड्या खरेदी केल्या. पैसे देण्याची वेळ आली तेव्हा देणेकऱ्याने अफलातून बचाव मांडला : जॉर्जियाच्या कायद्याने निर्माण केलेली ही बँक अलाबामात अस्तित्वातच नाही, तर तिच्याशी करार होईल कसा? सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी तो फेटाळला. कंपनी आपल्या जन्मस्थानीच वास करते. तथापि अन्य राज्ये सौजन्य म्हणून तिला आपल्याकडे व्यवहार करू देतात, असे त्यांनी म्हटले. यातील 'सौजन्य' हा शब्द महत्त्वाचा. सौजन्य दाखवणारा ते नाकारूही शकतो आणि त्यावर अटीही घालू शकतो. १८६९ मध्ये 'पॉल विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात न्यू यॉर्कच्या विमा कंपन्यांच्या एजंटाला नेमका तोच अनुभव आला. घटनेने नागरिकांना राज्याराज्यांत दिलेले समान हक्क कंपनीला नाहीत, कारण कंपनी त्या अर्थाने नागरिक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

पुढे आंतरराज्य व्यापाराच्या घटनात्मक संरक्षणाने राज्यांच्या या अधिकाराला बरीच वेसण घातली. केवळ सीमेपलीकडून माल पाठवणे, मागणी नोंदवून ती मूळ राज्यात मंजूर करणे, बँकेत खाते ठेवणे, संचालकांची बैठक घेणे, एखाददुसरा सुटा व्यवहार करणे, यांसाठी परवान्याची सक्ती नाही, हे आता बहुतेक राज्यांच्या कायद्यांतच लिहिलेले आहे. मात्र सीमारेषा कोठे आखायची, यावरून भांडणे होतच राहिली. औषधनिर्मितीतील बडी कंपनी इलाय लिली मूळची इंडियानाची. तिने न्यू जर्सीतील एका औषध विक्रेत्यावर दावा लावला, तेव्हा नेवार्क येथे कार्यालय आणि डॉक्टरांकडे फिरणारे प्रतिनिधी ठेवूनही कंपनीने परवाना घेतलेला नव्हता, हे उघड झाले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या विरोधात कौल दिला. परवाना नाही, तर दावाही नाही.

याउलट प्रकार १९७४ चा. टेनेसीतील मेम्फिसच्या कापूस व्यापाऱ्याने मिसिसिपीतील शेतकऱ्याशी येणाऱ्या पिकाचा करार केला होता. शेतकऱ्याने कापूस देण्यास नकार दिला. व्यापारी कंपनीने परवाना घेतलेला नसल्याने तिला आमच्या न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. वॉशिंग्टनने मात्र तो निकाल फिरवला. हा कापूस आंतरराज्य बाजारपेठेच्या प्रवाहातला आहे, सबब राज्याला दार बंद करता येणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. (हा करार १९७१ चा. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळ कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा करत होते, हा निव्वळ योगायोग. पण पांढऱ्या सोन्याला सीमेवर अडवावे की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच धगधगता होता.)

परवाना न घेणाऱ्याला होणारी प्रमुख शिक्षा या दोन्ही खटल्यांत दिसते. केलेला करार रद्द होत नाही. कंपनीवर कोणी खटला भरला तर तिला बचावही करता येतो. मात्र स्वतः फिर्यादी होऊन न्यायालयाची पायरी चढता येत नाही. न्यू यॉर्कचा कायदा तर थकलेले शुल्क, कर आणि दंड भरून परवाना मिळवल्याशिवाय दावा पुढे चालू देत नाही. थकबाकी वसूल करायला निघालेल्या कंपनीला आधी स्वतःची थकबाकी भरावी लागते!

एका पायाचा जोडा

इथवरचा वाद कंपनीने कोणावर खटला भरावा याचा होता. खरी गुंतागुंत उलट्या दिशेने आहे : कंपनीवर खटला कोठे भरावा?

पेनसिल्व्हेनिया फायर इन्शुरन्स या कंपनीने कोलोरॅडोतील क्रिपल क्रीक गावाजवळच्या, एका ॲरिझोना कंपनीच्या मालकीच्या धातू गाळण्याच्या कारखान्याचा विमा उतरवला होता. कारखान्यावर वीज पडली आणि तो जळाला. भरपाईचा दावा मात्र दाखल झाला तो मिसुरीत. कंपनी पेनसिल्व्हेनियाची, कारखाना कोलोरॅडोत, मालक ॲरिझोनाचा. मिसुरीचा संबंध इतकाच, की विमा कंपनीने तेथे व्यवसायाचा परवाना घेताना समन्स स्वीकारणारा प्रतिनिधी नेमला होता. तेवढा पुरेसा आहे, असे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या १९१७ च्या निकालपत्राने ठरवले.

त्यानंतर १९४५ मध्ये इंटरनॅशनल शू कंपनीचा गाजलेला खटला आला. सेंट लुईसमध्ये मुख्यालय असलेल्या या कंपनीचे फिरते विक्रेते वॉशिंग्टन राज्यात नमुना म्हणून जोड्यातील एकच बूट घेऊन हिंडत. त्या राज्यात आमचे कार्यालय नाही, मालाचा साठा नाही, म्हणून बेकारी निधीची वर्गणीही नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. न्यायालयाने तो मोडीत काढला आणि 'किमान संबंधां'ची कसोटी घालून दिली. त्या राज्यातील व्यवहारातून वाद निर्माण झाला असेल, तर तेथे खटला चालेल. परवाना आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. २०१४ च्या 'डेम्लर' निकालाने तर चक्र पूर्ण फिरवले. कोणत्याही विषयावरचा, कोठेही घडलेल्या घटनेचा खटला चालवायचा असेल, तर तो कंपनीच्या 'घरी'च, म्हणजे साधारणपणे जन्मराज्यात किंवा मुख्यालयाच्या राज्यात, असा दंडक घातला गेला. बड्या कंपन्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९१७ चा निकाल कायद्याच्या अडगळीत गेला, अशीच अनेकांची समजूत झाली. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, नोंदणी म्हणजे सर्वच खटल्यांना संमती नव्हे, असा आपल्या राज्याच्या कायद्याचा नवा अर्थ लावला तो याच वातावरणात. डेलावेअरपुरते ते सोयीचेही होते म्हणा. कंपन्यांना जन्म देणे हाच ज्या राज्याचा उद्योग, ते पाहुण्या कंपन्यांना बिचकवील कशाला?

पेनसिल्व्हेनियाचे कायदेपुस्तक मात्र काही निराळेच सांगत होते. परराज्यातील कंपनीने आमच्याकडे नोंदणी केली, की आमच्या न्यायालयांना तिच्यावर सर्वसाधारण न्यायाधिकार प्राप्त होतो, असे त्यात थेट नमूद आहे. नॉरफोक सदर्न रेल्वे कंपनीच्या एका माजी कामगाराने त्याचा आधार घेतला. ओहायो आणि व्हर्जिनियात मालडब्यांच्या दुरुस्तीचे काम जवळजवळ दोन दशके करताना ॲस्बेस्टॉस व इतर रसायनांचा संपर्क आला आणि त्यातून कर्करोग जडला, असे त्याचे म्हणणे. दावा दाखल केला फिलाडेल्फियात. कंपनी तेव्हा व्हर्जिनियाची, इजा पेनसिल्व्हेनियाबाहेरची, कामगारही तोवर व्हर्जिनियात परतलेला. कंपनीने हरकत घेतली आणि पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मान्य करून आपल्याच राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवला.

२७ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा निकाल रद्दबातल केला. न्यायमूर्तींची विभागणी नेहमीच्या उजव्या-डाव्या गटांप्रमाणे झाली नाही, हे विशेष. नील गोर्सच, क्लॅरेन्स थॉमस आणि सॅम्युअल अलिटो यांच्यासोबत सोनिया सोटोमायोर आणि केटांजी ब्राउन जॅक्सन उभ्या राहिल्या; विरोधात एमी बॅरेट यांच्याबरोबर सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, एलेना केगन आणि ब्रेट कॅव्हनॉ. गोर्सच यांचा युक्तिवाद सरळ होता. ही कंपनी १९९८ पासून पेनसिल्व्हेनियात नोंदलेली आहे. तेथे ती दोन हजार मैलांहून अधिक लोहमार्ग सांभाळते, ११ रेल्वे यार्ड आणि इंजिन दुरुस्तीच्या तीन कार्यशाळा चालवते. कायदा उघड होता, लाभ घेतले, मग अटीलाच आक्षेप का? १९१७ चा निकाल कोणीही रद्द केलेला नाही, तो अजून जिवंत आहे. बॅरेट यांचे प्रत्युत्तरही तितकेच टोकदार. राज्याने 'संमती' असे लेबल लावले म्हणून सक्तीची संमती होत नाही. प्रत्येक राज्याने असा कायदा केला, तर डेम्लर निकालाला अर्थ काय उरेल?

संमती कोणाची, सोय कोणाची

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोत पेनसिल्व्हेनियाच्या सीमेलगत ईस्ट पॅलेस्टाइन येथे रसायने वाहून नेणारी जी मालगाडी घसरली, ती याच कंपनीची. अशा अवाढव्य कंपनीने 'मी येथे परकी आहे' म्हणणे हास्यास्पद वाटते. बरे, 'घर' तरी कंपनी स्वतःच निवडते. विल्मिंग्टन शहरातील नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवरच्या एका बैठ्या इमारतीचा पत्ता २०१२ च्या सुमारास २ लाख ८५ हजारांवर कंपन्यांनी दिला होता. जिथे राहणे नाही, जेवणे नाही, त्या पत्त्याला घर मानायचे आणि जिथे हजारो माणसे कामाला आहेत तिथे पाहुणे म्हणायचे, हा न्याय कामगाराला पटणे कठीण.

परंतु नियम एकट्या रेल्वेसाठी नसतो. पाच माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीने पिट्सबर्गमध्ये छोटे कार्यालय उघडले, कायद्याला मान देऊन परवाना घेतला, तर टेक्सासमधील तक्रारीचा दावाही फिलाडेल्फियात झेलण्याची 'संमती' तिने दिलेली असते. परवाना न घेणारी शेजारची कंपनी मात्र या संमतीतून सुटते. प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्यावरच बोजा वाढवणारा कायदा लोकांना नोंदीपासून दूर ढकलतो, हे आपल्याकडील करव्यवस्थेच्या अनुभवावरून तरी मान्य व्हावे. वकिलांना अनुकूल न्यायालय शोधण्याची मुभा मिळते ती वेगळीच.

या प्रश्नाचे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील उत्तर प्रस्तुत लेखकाला अधिक समतोल वाटते. कलम २० च्या स्पष्टीकरणानुसार कंपनीवर तिच्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी दावा लावता येतो. शाखेच्या ठिकाणी दाव्याचे कारण घडले असेल, तर शाखेच्या ठिकाणी. 'पटेल रोडवेज' प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा पुरता लाभ ग्राहकाला दिला. तामिळनाडूतील बोडिनायकनूरच्या शाखेत वेलदोडा दिल्लीसाठी सोपवला गेला, दिल्लीच्या गोदामात तो आगीत सापडला आणि वाहतूक कंपनी पावतीवरील अटीवर बोट ठेवून म्हणाली, 'दावा मुंबईतच.' मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी व्यवहार शाखेत झालेला असल्याने मुंबईला अधिकारच नाही, आणि नसलेला अधिकार करारानेही देता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. शाखा आहे म्हणून वाटेल तो खटला नाही आणि शाखा असूनही मुंबईचे हेलपाटे नाहीत. अर्थात दोन दशके दोन राज्यांत काम करून तिसऱ्या राज्यात न्याय मागणाऱ्या आजारी कामगाराला या सूत्राने फिलाडेल्फिया मिळाले नसते, हेही खरे.

फिलाडेल्फियाचा निकालही अखेरचा नाही. बहुमतातील अलिटो यांनीच स्वतंत्र निकालपत्रात, असा कायदा आंतरराज्य व्यापारावर अवाजवी बोजा टाकत असावा, अशी दाट शंका नोंदवून ठेवली आहे. तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे तेव्हा नव्हता. राज्यांतही एकवाक्यता नाही. न्यू यॉर्कच्या विधिमंडळाने पेनसिल्व्हेनियासारखी तरतूद मंजूर केली, ती गव्हर्नर कॅथी होकल यांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नाकारली. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने याउलट २०२१ मध्ये, नोंदणी म्हणजे संमती, हा जुना पायंडा कायम ठेवला. गमतीचा भाग असा, की नॉरफोक सदर्नने आपले मुख्यालय दरम्यान ज्या अटलांटात हलवले, ते शहर जॉर्जियातच आहे. आता इलिनॉयने विषारी पदार्थांपुरती मर्यादित वाट काढली आहे. अलिटो यांची शंका पहिल्यांदा कसाला लागेल ती बहुधा अशाच एखाद्या कायद्यावर.

भारतीय कंपन्यांपुढचा पेच यात आणखी एका पदराने वाढतो. पुण्यातील कंपनीला अमेरिकेत जाण्याचे दोन मार्ग : एक, स्वतःच्याच नावाने एखाद्या राज्यात परवाना घेऊन शाखा काढणे, दुसरा, डेलावेअर वा अन्य राज्यात उपकंपनी स्थापून तिच्यामार्फत इतर राज्यांचे परवाने घेणे. पहिल्या मार्गात कागदपत्रे कमी वाटतात. पण पेनसिल्व्हेनियात मूळ कंपनीच नोंदली गेली, तर तिच्या जगभरच्या व्यवहारांवरील दाव्यांना तेथे वाव मिळतो. शिवाय अमेरिकी अर्थखात्याने मार्च २०२५ च्या अंतरिम नियमाने कॉर्पोरेट पारदर्शकता कायद्याचा रोख बदलला. अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना खऱ्या मालकांची माहिती देण्यातून वगळले गेले आणि हे बंधन परदेशी कायद्याखाली स्थापन होऊन एखाद्या राज्यात व्यवसायासाठी नोंदलेल्या कंपन्यांपुरते उरले. तेही मोठ्या वा भांडवल बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना असलेल्या सवलती वगळून. म्हणजे ही जबाबदारीही पुन्हा त्याच राज्याच्या नोंदणीला जोडली गेली.

दुसऱ्या मार्गात दायित्व सामान्यतः उपकंपनीपुरते राहते, परंतु खर्च राज्यागणिक वाढतो. एकट्या कॅलिफोर्नियात नोंदलेल्या कंपनीला, पहिल्या वर्षाची सूट सोडता, नफा असो वा नसो, वर्षाला किमान ८०० डॉलर फ्रँचाइज कर पडतो. त्यात घरून काम करणारा अभियंता न्यू जर्सीतून ओहायोला राहायला गेला, की तेथे परवाना हवा का, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. प्रत्येक राज्याचे उत्तर थोडे वेगळे असते. पूर्वी असा अर्ज 'घेऊन टाका, सुरक्षित राहू' या सल्ल्यानिशी भरला जाई. आता वकील आधी विचारतात, की हे राज्य त्या सहीचा अर्थ काय लावते?